दुसरी फोडणी

१८ सप्टेंबर, बुधवार

तेल वाढलं! एका रात्रीतून!

दुकानदार कडुबा म्हणतो, सरकारने बाहेरून येणाऱ्या तेलावर कर वाढवला, भाव वरूनच आला. वरून म्हणजे कुठून? परवा याच दुकानात याच डब्यांची रांग लागली होती, जुन्या भावाची. त्या डब्यांनी रात्रीत उठून कर भरला का? मी तोंडावर विचारलं. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. हसणाऱ्या दुकानदाराचा मला भरवसा नाही.

आमचं तसं काही अडत नाही म्हणा. आमच्या घरात करडीचंच तेल. गावातल्या घाण्यावरून डोळ्यांदेखत काढून आणलेलं. वास घेऊन सांगते मी, करडी कोणती आणि भेसळ कोणती. पिशवीतलं तेल या घरात चालत नाही. आखाडात मोनिकाने एकदा आणलं होतं, माझा घसा आठवडाभर धरला होता. मी बोलले तेवढं बोलले. तेव्हापासून तिने पुन्हा नाव काढलं नाही. सून ऐकते माझं. वरवर तरी.

पण घाणेवाल्यानेही भाव वाढवलाच. पिशवीचं वाढलं की हा मागे कसा राहील! दोन वर्षं झाली, आम्ही करडी पेरलीच नाही. काटे टोचतात म्हणून कापायला मजूर येत नाहीत. सगळीकडे मका आणि अद्रक. घरची करडी असती तर या सगळ्यांची तोंडं बघायची वेळ आली नसती.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज एक गोष्ट लक्षात आली. लिहून ठेवते.

गॅसची टाकी महाग झाल्यापासून भाकरी, दाळ, अंघोळीचं पाणी सगळं अंगणातल्या चुलीवर, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून. गॅसवर फक्त चहा आणि भाजी. चूल माझ्याकडे, गॅस मोनिकाकडे. माझ्या गुडघ्यांना ओट्यापाशी उभं राहणं जमत नाही. मी बाहेर बसून, ती आत उभी. मधे भिंत. पण कान माझे अजून चांगले आहेत.

संध्याकाळी आत चर्र झालं. फोडणी पडली. थोड्या वेळाने पुन्हा चर्र! ताटात भाजी एकच आली, दोडक्याची.

मग दुसऱ्यांदा फोडणीला काय पडलं?

२२ सप्टेंबर, रविवार

आजही दोनदा. भाजी एकच. गवार.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज माझ्या लेकाची, इंद्रजीतची सुट्टी. आला नाही. वाळूजला कंपनीत आहे, बजाजनगरला तिघं मिळून एका खोलीत राहतात. आधी दर शुक्रवारी गाडी काढून यायचा. सकाळी दहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की मी चहा टाकायला सांगायची. आता एक सुट्टी सोडून येतो.

फोनवर म्हणाला, आई, पेट्रोल लई लागतं. मी म्हटलं, पेट्रोल काय कालच महाग झालं? कधीचा तोच भाव आहे, टीव्ही मीही बघते. महाग झालंय ते खायचं तेल. तुझी गाडी काय करडीच्या तेलावर चालते? तो म्हणाला, मोनिकाला दे.

मोनिका फोन घेऊन मागच्या दारी गेली. नवऱ्याशी बोलायला मागचं दार कशाला लागतं? आमच्यासमोर बोलण्यासारखं काही उरलंच नाही का?

कुठेतरी पाणी मुरतंय.

३० सप्टेंबर, सोमवार

शेजारच्या केसरबाईला सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोटात राहिना. ती दळण घेऊन चालली होती, तशीच दारातल्या ओट्यावर टेकली.

तिच्या घरचं मला माहीत आहे. तिची सून सोनिया आधी स्वतःपुरतं वेगळं शिजवायला लागली. लेकराला तिखट चालत नाही म्हणायची. मग नवऱ्यासाठी वेगळं. मग एके दिवशी टेम्पो आला आणि भांडी, पलंग, पोरगं, नातू सगळं वाळूजला गेलं. केसरबाई एकटीपुरती खिचडी टाकते. कधी तीही टाकत नाही.

उठताना म्हणाली, "चतुराबाई, वेगळी चूल एका दिवसात नाय मांडत कोणी. आधी वेगळी फोडणी पडती."

जेवण गेलं नाही मला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

माझी नात संस्कृती दुसरीत आहे. मला वाचून दाखवते. ती गेली तर या घरात आवाज कशाचा येईल? टीव्हीचा.

६ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र. देवीच्या दिव्यात तेल घालताना मोनिकाने विचारलं, वात बारीक करू का? मी बघितलं फक्त तिच्याकडे. तिने वात होती तशीच ठेवली.

आणि दुसरं. यांना — नानासाहेबांना — चटणीवर कच्चं तेल लागतं. लग्न झालं तेव्हापासून बघते, ताटात चटणी पडली की बोटाने खळगा करतात आणि किटलीकडे हात जातो. आज मी किटली पुढे केली तर म्हणे, नको, खोकला आहे. कसला खोकला? रात्रभर शेजारी झोपते मी. एकदाही खोकले नाहीत.

संस्कृतीलाही विचारलं. तीही म्हणाली, "मला नको आजी, तुला राहू दे." आईकडे बघून म्हणाली.

सगळं घर एका दिवसात कच्च्या तेलावरून उठलं! मी एकटीच खाते. आधी मला वाटत होतं एकटी मोनिका आहे. आता हेही सामील दिसतात.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला. मी माझी परीक्षा चालू केली. तेलाच्या किटलीवर, तेल आहे त्याच रेषेला, कुंकवाचं बोट लावलं. मागच्या बाजूने. कोणाला दिसणार नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

कुंकवाच्या खाली तेल जेमतेम नखभर गेलंय! चार माणसांचं घर. दोन वेळची भाजी. एवढ्या तेलात होते? एका माणसाचंही नीट होणार नाही.

म्हणजे घराचा स्वयंपाक या किटलीतून होतच नाही. दुसरीकडून होतो. ओट्याच्या वर, अगदी वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे एक झाकणाचा स्टीलचा डबा आलाय. आधी नव्हता. माझा हात पोचत नाही. यांना म्हटलं काढून द्या. म्हणाले, तळणाचं जुनं तेल आहे, कशाला हात घाण करते. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. खोटं बोलताना हे कधी वर बघत नाहीत. एवढ्या वर्षांत एवढं तर कळलंय.

तळण गणपतीनंतर झालंच नाही. जुनं तेल आलं कुठून?

मला वाटतं त्यात तूप आहे. नाहीतर शेंगदाण्याचं तेल. चांगलं ते वर, आणि किटली खाली माझ्यासाठी.

२३ ऑक्टोबर, बुधवार

टाकी आली. आणणाऱ्या पोराला उचलून दाखवायला लावली. हलकी वाटली. तो म्हणाला, आजी, दर वेळी तुम्हाला हलकीच वाटती. वाटणारच! मागची किती लवकर संपली. दोन-दोन फोडण्या घातल्यावर गॅस पुरेल कसा? मोनिका शेजारी उभी होती, तिला ऐकू जाईल असंच म्हणाले. तिने पदर खोचला आणि आत गेली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दरवर्षी दिवाळीचं तळण मी चुलीवर करते. मोठी कढई, अंगण, केसरबाई मदतीला. यंदा मोनिका म्हणाली, धुराने तुमचे डोळे चुरचुरतात, मी आतच गॅसवर करते. इतकी वर्षं नाही चुरचुरले डोळे!

दार लोटून घेऊन तळलं. मला एक छोटा डबा दिला — या तुमच्या चकल्या, दातांसाठी जरा खुसखुशीत केल्यात. बाकीच्यांचा डबा मोठा, कपाटात. मी संस्कृतीला म्हटलं, त्यातली एक आण. ती जागची हलली नाही. म्हणाली, मम्मी रागवेल.

माझ्या घरात मी चकली मागते आणि नात म्हणते मम्मी रागवेल.

चकली चांगली झाली होती. तेही लिहिलं पाहिजे. पण दुसरी घेतली नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. इंद्रजीत काल आला. वाळलाय. गाल आत गेलेत. खानावळीवाल्याने दर वाढवले आणि पोळ्या बारीक केल्या म्हणे.

येताना पिशवीत काहीतरी जड आणलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. माझ्या हातात मिठाई दिली आणि ते जड सरळ आत मोनिकाकडे. मी ओसरीवर रांगोळी घालत होते. खिडकीतून त्याचा आवाज स्पष्ट आला — "आईला कळू देऊ नको."

रांगोळीची रेघ वाकडी गेली. संस्कृती म्हणाली, आजी, पाकळी मोडली.

मी मोठा केला त्याला. हा मला कळू देणार नाही!

३ नोव्हेंबर, रविवार

तो गेला. मी दुपारी मोनिकाला समोर बसवलं. किती दिवस मनात धरून ठेवणार? म्हटलं, "जायचं असंल तर उजेडी जा. असं आतल्या आत शिजवू नको."

ती म्हणाली, "कुठं जायचं आत्याबाई?"

"जिथं तुझा नवरा हाय तिथं. घर काय, आमी दोघं बघू."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भांडी घासायला गेली, आणि भांडी आपटली नाहीत. रागावली असती तर आपटली असती. मला तेच जास्त खटकलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून काय जगाला दिसत नाही?

१० नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. कामापुरतं — मीठ, पीठ, पाणी. हे म्हणाले, अतीच करतेस. मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. आला नाही. मीही फोन केला नाही. गल्लीच्या तोंडाशी कोणाचातरी हॉर्न वाजला, उगाच उठले.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. आज सगळं कळलं. नीट लिहिते.

सकाळी कडाक्याची थंडी होती. वांगी मी चुलीत भाजली, भरीत केलं, रोडगे भाजले. मोनिका आणि संस्कृती नैवेद्य घेऊन खंडोबाला गेल्या. घरात हे आणि मी. मला वाटलं, हीच वेळ. पाट घेतला, ओट्यापाशी ठेवला आणि चढायला लागले. हे धावत आले. पडशील म्हणाले. मी म्हटलं, पडले तर पडले, तो डबा बघितल्याशिवाय मी आज खाली उतरत नाही. शेवटी त्यांनीच काढून दिला.

झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र, थिजलेलं.

तूप! मी म्हटलं नव्हतं? मी बरोबर होते! इतके दिवस तूप चाललंय आणि म्हातारीला पत्ता नाही! मला इतका राग आला की चमचाभर काढलं, गरम रोडग्यावर घातलं आणि यांच्या डोळ्यांसमोर मोठा घास घेतला. म्हटलं, आज मीही खाते.

वास नाही. चव नाही. टाळूला मेणासारखा थर बसला. घासलेटची आठवण यावी असं काहीतरी घशात गेलं.

हे खाली बसले. म्हणाले, "तूप न्हाय ते. पामतेल हाय. थंडीत थिजतं. आमी समदे तेच खातो, आखाडापासून."

मी विचारलं, "आन् मी?"

"तुला करडी. ती दुसरी फोडणी तुझी असती."

मग त्यांनी एकेक सांगितलं. आखाडात पिशवीचं तेल आणलं तेव्हा माझा घसा धरला आणि माझ्या तोंडाचा पट्टा आठवडाभर थांबला नाही. तेव्हा मोनिकानेच ठरवलं, की आत्याबाईंचं वेगळं करू, त्यांना कळलं तर खाणार नाहीत. घरातल्या सगळ्यांना करडी परवडत नाही. एकटीपुरती परवडते. पामतेलाचा डबा इंद्रजीत शहरातून आणतो, तिथे घाऊक स्वस्त मिळतो. करडीचा भाव वाढल्यापासून कच्चं तेल कोणी घेत नाही ते त्यामुळे. पामतेल कच्चं खाववत नाही आणि किटलीतलं माझं संपेल.

मी म्हटलं, आणि करडीचे पैसे? हे डब्याचं झाकण लावायला लागले. मी पुन्हा विचारलं.

"पोरगं एक सुट्टी सोडतं ना. त्या पेट्रोलात बसती तुझी करडी."

आधी रागच आला. खोटं का लिहू? मला विचारलं नाही, मला दूधपित्या लेकरासारखं वागवलं, घरभर नाटक केलं माझ्याशी. मग चुलीपाशी येऊन बसले आणि रडले. एकाआड एक सुट्टी माझ्या ताटात पडत होती, आणि मी फोनवर त्यालाच विचारत होते, तुझी गाडी काय करडीच्या तेलावर चालते?

देवळातून दोघी आल्या. संस्कृतीने माझ्या कपाळाला भंडारा लावला. मोनिकाने ताटं वाढली. माझ्या भरितावर किटलीतलं तेल सोडलं, धार बारीक पण मला पुरेल एवढी. मी खाल्लं. डबा परत फळीवर होता, पिठाच्या मागे.

८ डिसेंबर, रविवार

मी तेल वासावरून ओळखते म्हणे!

पण मोनिकाला सांगायचं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, तुमचा घसा धरतो. आणि चालूच ठेवेल. मी ओळखते तिला. (ओळखते म्हणे!)

९ डिसेंबर, सोमवार

यांना पटवलं. मोनिका मक्याच्या खुडणीला गेली की दुपारी डबा उन्हात ठेवायचा. तेल पातळ झालं की किटलीतलं माझं अर्धं तिकडे ओतायचं आणि तिकडचं घेऊन किटली पुन्हा भरायची. बाकीच्यांना दोन घास करडी मिळेल आणि माझी किटली भरलेली राहील. किटली संपली नाही तर करडी आणायला नको. करडी आणायला नको तर पेट्रोलला पैसे राहतील.

हे म्हणाले, या वयात बायको चोरी करायला लावते. पण हात थरथरू न देता ओतलं. एक थेंब सांडला नाही. झाकण लावताना दोघांनाही हसू आलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

घसा धरलाय. मोनिकासमोर खोकत नाही, गोठ्याच्या मागे जाऊन खोकून येते. तिथे गुळाचा खडा आणि सुंठ ठेवली आहे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

केसरबाईने विचारलं, काय गं, लागला का तपास? मी म्हटलं, कसला तपास? ये आज भाजी खायला आमच्याकडे.

१५ डिसेंबर, रविवार

मोनिकाने आज किटली उचलून हलवून बघितली. उजेडाकडे धरली. मग माझ्या ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्याबाई, जेवण कमी झालंय का तुमचं?" म्हणाली. मी म्हटलं, छे! आणि आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

संध्याकाळी ती पाण्याला गेल्यावर किटली फिरवून बघितली. मागच्या बाजूला, तेलाच्या रेषेला, टिकली चिकटवली आहे. लाल मखमली. मी तर कुंकू लावते.

माझ्यावर पाळत! माझ्याच घरात!

१७ डिसेंबर, मंगळवार

रात्री हाडं गोठवणारी थंडी पडली. आमच्या दोघांच्या लक्षात यायला हवं होतं ते आलं नाही. पहाटे उठून बघते तर मोनिका आधीच ओट्यापाशी उभी. हातात माझी किटली. किटलीच्या तळाला पांढरं थिजलेलं.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मी दारात, ती आत. काही विचारेल म्हणून मी थांबले. करडी थिजत नाही, हे तिला माहीत आहे.

ती बाहेर आली, किटली माझ्या चुलीच्या कडेला ठेवली, शेकायला. शेजारी बसली. आम्ही दोघी जाळाकडे बघत राहिलो. पऱ्हाट्या तडतडत होत्या. मला खोकला आला आणि यावेळी मी गोठ्यामागे गेले नाही.

"लई थंडी हाय आज," ती म्हणाली.

मी म्हटलं, व्हय. तिने माझ्या पाठीवरची शाल सारखी केली. किटलीतलं पांढरं हळूहळू पातळ झालं.

नंतर ती फोन घेऊन मागच्या दारी गेली. मी कान दिला नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज सोडायची सुट्टी होती. तरी इंद्रजीत आला. मी भाकऱ्या थापत होते, उठले नाही, काही विचारलं नाही. तो चुलीपाशीच टेकला.

आत चर्र झालं. पाचजणांचं, एकदाच.